मेडिक्लेम समजून घेताना – भाग ६ : खोली दहा हजारांची, कात्री लाखाची

डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरसमोर घरचे लोक हमखास अडकतात ते एका अटीपाशी. विमा पाच लाखांचा, बिल तीन लाखांचं, तरी एक लाख खिशातून भरा म्हणतात. फसवणूक झाली असंच वाटतं. पण पॉलिसीत ती ओळ असते : खोलीभाडं, विमा रकमेच्या एक टक्का.

पाच लाखांचा एक टक्का म्हणजे दिवसाला पाच हजार. समजा, ॲडमिशनच्या दिवशी तेवढ्या भाड्याची खोली रिकामी नव्हती, म्हणून आईला दहा हजारांच्या खोलीत ठेवलं. चार दिवसांचे वरचे वीस हजार आपण भरू, असा घरातला हिशेब. तो इथेच चुकतो. बऱ्याच रुग्णालयांत खोलीचा वर्ग चढला की डॉक्टरांची व्हिजिट, सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्यांचे दर चढतात. मग खोली जितक्या पटीनं महाग, तितक्याच प्रमाणात कंपनी हे खर्चही कापते.

समजा, खोलीचे ४०,००० झाले, सर्जन-थिएटर-नर्सिंगचे १,६०,००० आणि औषधं, इम्प्लांट व तपासण्यांचे १,००,०००. पहिल्या दोन रकमा निम्म्या होतात, म्हणजे वीस हजार आणि ऐंशी हजार. तिसरी पूर्ण मिळते. एकूण दोन लाख.

तिसरी पूर्ण मिळते हे नीट लक्षात ठेवा. विमा नियामक ‘इर्डा’नं २०२० मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी प्रमाणात कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. आणि खोलीप्रमाणे दर बदलतच नसतील, अशा रुग्णालयात ही कपात मुळीच लागत नाही. हे माहीत नसल्यानं माणसं मुकाट पैसे भरून घरी जातात, याची मला फार चुटपुट लागते. कपात दिसली की लेखी कारण मागा. कंपनीच्या तक्रार विभागानं दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांचं कार्यालय आहे, आणि तक्रारीला फी नाही.

म्हणून दोन पॉलिसी शेजारी ठेवताना माझी नजर हप्त्याआधी खोलीच्या ओळीवर जाते. उदाहरणादाखल ‘आरोग्य संजीवनी’ ही सगळ्या कंपन्यांकडे एकसारखी मिळणारी पॉलिसी घ्या. तिच्यात खोलीला दोन टक्के, पण दिवसाला कमाल पाच हजार. विमा रक्कम पाचाची दहा लाख केली तरी खोली तिथेच थांबते. शिवाय प्रत्येक क्लेममधले पाच टक्के आपले. आपल्या गावच्या रुग्णालयाचे दर त्यात बसत असतील तर ती चांगलीच आहे. उपचार मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात होणार असतील, तर थोडा जास्त हप्ता देऊन भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पॉलिसीत रकमेऐवजी ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ असं लिहिलं असेल, तर डिलक्स किंवा स्वीट त्यात येत नाही.

ही ओळ पॉलिसीसोबत मिळणाऱ्या ग्राहक माहितीपत्रकात सापडते. नवी पॉलिसी पटली नाही तर ती परत करायला तीस दिवस असतात. पत्रक त्या मुदतीत वाचा, आणि ॲडमिशनच्या वेळी ‘कोणती खोली हवी?’ असं विचारतील तेव्हा हातात ठेवा.