शेंडा खुडल्याने झाड मरत नाही

इमारतीच्या भेगेतला पिंपळ दरवर्षी तोडतात आणि पावसाळा सरेपर्यंत तो दुप्पट फुटवे काढून पुन्हा उभा राहतो. त्याच्याच गोतातल्या दिवाणखान्यातल्या रबर प्लांटला कात्री लावायची म्हटलं, की मात्र घरात करुणा दाटते: “नको, मरेल बिचारं!”

मरत नाही. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरत राहतं आणि पेरांवरचे डोळे निजलेलेच राहतात. शेंडा खुडला, की कापाच्या लगेच खालचे दोन-तीन डोळे फुटतात. तेवढेच. त्यामुळे ‘वरून छाटलं की झाड डेरेदार होतं’ हेही अर्धंच खरं. टोक कापून बुडाशी पालवीची वाट पाहणारे पुष्कळ भेटतात. फांद्या जिथे हव्यात तिथेच, पेराच्या किंचित वर कापायला हवं. मग झाड निम्म्यावर आलं तरी चालेल. ती हिंमत नसेल तर एका वेळी फार तर तिसरा हिस्सा काढावा. काम उन्हाळ्याच्या तोंडाशी करावं आणि कुंडी खिडकीजवळ ठेवावी, नाहीतर अंधाऱ्या कोपऱ्यात फुटवेही रोडकेच येतात.

कापल्यावर पांढरा चीक ओघळतो. ते पाहून कोणी हळद भरतं, कोणी मेण लावतं. गरज नाही, चीक सुकून जखमेचं तोंड आपोआप बंद होतं. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून तपासली आणि जखमेवरच्या लेपाने कुजणं थांबत नाही, हे दाखवून दिलं. जपायचं आपल्या कातडीला. चिकाने खाज सुटते, कपड्यावरचा डाग निघत नाही, आणि रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर रबरी हातमोजेही घालू नयेत, नायट्राइलचे घालावेत.

याच गोतातल्या बेंजामिना या झाडाची पानं छाटणीनंतर झडली, तर आधी आठवा: त्याच दिवशी कुंडी गॅलरीतून आत आणली होती का? हे झाड जागा बदलली की रुसतं. दोष मात्र कात्रीवर येतो.

(मेघालयातले जिवंत मुळांचे पूल याच रबर प्लांटचे. पिढ्यान् पिढ्या मुळांना वळण देत माणसं त्यांवरून चालतात, आणि आपण एक फांदी कापताना कचरतो.)

छाटलेली फांदी पाण्यात ठेवली तर रुजते. नुसतं पानही मुळं धरतं, पण देठाशी खोडाचा डोळा आला नसेल तर त्याला कोंब कधीच येत नाही. ग्लासात ते एकच पान महिनोन् महिने हिरवंगार उभं राहतं.