गुणच मुळावर आले तर

बेंगळुरूच्या गांधी बाजारात मागळी बेरूच्या जुड्या दिसू लागल्या की आमच्या घरात दोन तट पडतात. काहींना त्या उग्र वासानेच नकोसे होते. मला मात्र ताकात मुरलेल्या त्या लोणच्यावाचून दहीभात अपुरा वाटतो. महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असलेल्या उपळसरीशी या मुळाचा गंध जुळतो आणि बाजारात ते कित्येकदा तिच्याच नावाने खपते.

‘डेकॅलेपिस हॅमिल्टोनाय’ या नावाने १८३४ साली शास्त्रीय नोंद झालेली ही वेल दक्षिण भारतातील खडकाळ, कोरड्या जंगलांत वाढते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००६-०७च्या सुमारास या मुळांचा पाण्यात अर्क काढून त्यातील अँटिऑक्सिडंट द्रव्ये एकेक करून वेगळी केली. त्यांत एलॅजिक आम्लही होते. संशोधन मोलाचेच होते. माझी चिंता त्यापुढची आहे. पान खुडले, फळ तोडले तरी झाड उरते; मुळे खणून नेली की बहुधा वेलच संपते. आज ही वेल जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे.

सेवेत असताना वनोपजाच्या एका आढावा बैठकीला मी उपस्थित होतो. किती क्विंटल माल आला, लिलावात किती रक्कम जमा झाली, याचे तक्ते समोर होते. किती वेली खणल्या आणि किती पुन्हा रुजल्या, याला रकानाच नव्हता. तो मीही मागितला नाही.

चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरी रंगन टेकड्यांत सोलिग आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वनोपज गोळा करीत आले. २००२च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर तेथे विक्रीसाठीच्या संकलनावर बंदी आली. २०११ साली त्या टेकड्या व्याघ्र प्रकल्प ठरल्या आणि त्याच वर्षी सोलिगांचे सामूहिक वनहक्कही मान्य झाले. बंदीच्या त्या वर्षांत माझ्या ताटातले लोणचे एकदाही चुकले नाही. मूळ कोठून तरी येतच होते.

जैविक विविधता कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभवाटपाच्या बंधनातून वगळले. अट एवढीच की स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने उगमाचा दाखला द्यावा. लागवडीला उत्तेजन देण्याचा हेतू योग्यच आहे. परंतु वाळवून पोत्यात भरल्यावर शेतातले मूळ आणि जंगलातले मूळ यांत फरक ओळखणार कोण? माझ्या पाहण्यातील कित्येक समित्यांचे अस्तित्व फलकापुरते होते. शिवाय शेतात मूळ जाड होईपर्यंत काही वर्षे जातात; तोवर शेतकऱ्याने काय खावे, याचे उत्तर दुरुस्तीत नाही. हमीची खरेदी जाहीर केल्याशिवाय कोणी लागवडीकडे वळेल, असे मला वाटत नाही.

आणि उद्योगाला एलॅजिक आम्लच हवे असेल, तर ते डाळिंबाच्या सालीतही मिळते. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही तेथेच आहे. रस काढल्यावर साल फेकण्याच्याच लायकीची उरते. तेव्हा अर्क काढण्याची परवानगी मागणाऱ्याला अर्जातच एक प्रश्न विचारला जावा: हेच द्रव्य एखाद्या सालीतून, चोथ्यातून मिळते का? मिळत असल्यास जंगलातील मुळाला हात लावण्याची मुभा नसावी. लोणच्यासाठी शेतातील मुळाला दुप्पट दाम मोजावे लागले, तर ते मी मोजीन. घरातील दुसऱ्या तटाची त्याला हरकत असणार नाही.