लाडूचं पाणी

रविवार सकाळ म्हणजे काय? उशिरा उठणं, दुसरा चहा आणि 'आज घरातलं एक तरी काम उरकूया' असा दर आठवड्याला येणारा झटका. माझा हा झटका एकदा माशांच्या जिवावर बेतला.

मासे माझे नव्हते, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट. रूममेट कंपनीच्या कामासाठी तीन महिने सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला. जाताना आमचा मुलुंडचा वन बीएचके, बाल्कनीतली तुळस आणि हॉलमधला दोन फुटी फिश टँक माझ्यावर सोपवून गेला. टँकमध्ये लाडू आणि चिवडा असे दोन गोल्डफिश, पाच काळे मॉली आणि दिवसभर काचेला चिकटून बसणारा एक सकर. लाडू-चिवडा त्याने पहिल्या पगारातून घेतलेले. काचेवर चिठ्ठी चिकटवलेली : 'दर रविवारी एक बादली पाणी बदल. बाटलीतले थेंब विसरू नकोस.'

पहिले दोन रविवार मी अगदी शहाण्यासारखा वागलो. मग ऑफिसात रिलीज आली आणि लागोपाठ तीन रविवार गेले. काचा हिरव्या झाल्या, पाण्याला वास यायला लागला. चौथ्या रविवारी ठरवलं, आज सगळा बॅकलॉग क्लिअर! तीन बादल्या जुनं पाणी उपसलं. नळाखाली तीन बादल्या भरल्या आणि धाडधाड ओतल्या. फिल्टरचा स्पंजसुद्धा नळाखाली खसाखसा धुतला. थेंबांची बाटली मधेच संपली होती, पण म्हटलं, हेच पाणी आपण पितो ना? मग माशांना काय होतंय?

वीस मिनिटांत मॉली पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. लाडू वेड्यासारखा काचेला धडका देत होता. चिवडा एका कुशीवर कलला, तो पुन्हा सरळ झालाच नाही.

आता माझी हुशारी बघा. मी फोनवर चिवड्याचा फोटो शोधला आणि सरळ स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात गेलो. सेम टू सेम दुसरा आणायचा, रूममेटला कळणारसुद्धा नाही! दुकानातल्या काकांनी फोटोकडे पाहिलंही नाही.

"पाणी कधी बदललंस?"

"आत्ताच, काका."

"अँटी-क्लोरिन?"

मी गप्प. काकांनी एक निळी बाटली हातात कोंबली. "पैसे नंतर दे. आधी पळ. पूर्ण टँकच्या हिशेबाने थेंब टाक, हवेचा पंप फुल्ल कर. आणि नवीन मासा आज मिळणार नाही. आहेत ते आधी जगव."

पळालो. दोन मॉली तोवर गेले होते. बाकीचे तासाभराने खाली उतरले. लाडू कोपऱ्यात, पण सरळ. जिन्यात नोटीस बोर्डाकडे तेव्हा कुठे लक्ष गेलं : 'शनिवारी टाकी सफाई.' म्हणजे आदल्याच दिवशी सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडर टाकून धुतलेली. सकाळी अंघोळ करताना स्विमिंग पूलसारखा वास आला होता, आणि मी मजेत गाणी म्हणत होतो.

संध्याकाळी काकांचे पैसे द्यायला गेलो आणि दीड तास तिथेच थांबलो. नळाच्या पाण्यात क्लोरिन मुद्दाम ठेवलेला असतो. फिल्टरेशन प्लँटपासून तुमच्या ग्लासापर्यंतच्या प्रवासात जंतू वाढू नयेत म्हणून. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, क्लोरिन घातलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळापाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवा. आपल्या पोटात तो अन्नाशी भिडून संपतो. मासा मात्र पाणी कल्ल्यांमधून घेतो आणि कल्ल्यांची नाजूक त्वचा या क्लोरिनने भाजते. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी थोड्या वेळापुरती घातलेली मर्यादा आहे लिटरला ०.०१९ मिलिग्रॅम. म्हणजे आपल्यासाठी जे किमान, ते त्यांच्या मर्यादेच्या दहापट. आणि टाकी धुतल्यानंतरच्या पाण्यात किती असेल, याचा विचारच नको.

मग दर रविवारी एक बादली बदलली तेव्हा काहीच कसं झालं नाही? तेव्हा थेंब होते. आमच्या दोन फुटी टँकमध्ये जेमतेम पन्नास लिटर पाणी, बादली पंधरा लिटरची. एका बादलीत गडबड झाली असती तरी उरलेल्या जुन्या पाण्याने थोडं सांभाळून घेतलं असतं. मी तिन्ही बादल्या एकदम ओतल्या, सांभाळायला मागे काही ठेवलंच नाही.

त्या थेंबांमध्ये असतं तरी काय? बहुतेक बाटल्यांमध्ये सोडियम थायोसल्फेट. पूर्वी डार्करूममध्ये फोटो पक्के करायला वापरायचे तो हायपो! एक मिलिग्रॅम क्लोरिन मारायला साधारण सात मिलिग्रॅम हायपोचे खडे लागतात. म्हणजे बादलीभर पाण्याला चिमूटभरही पुरे. काम जवळजवळ लगेच होतं, तरी काका पाणी ढवळून पाच मिनिटं थांबायला सांगतात. थेंब बादलीत टाकायचे, टँकमध्ये ओतून झाल्यावर नाही. बाटलीवरचं प्रमाण वाचायचं, टाकी धुतलेल्या आठवड्यात मात्र पाणी बदलायचंच नाही. अगदीच खात्री करायची तर क्लोरिन तपासायचं छोटं किट मिळतं. त्यातल्या ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांनी पाणी पिवळं झालं की समजायचं, क्लोरिन आहे.

थेंब नसतील तर बादली उघडी ठेवून चोवीस तास थांबायचं, आत हवेचा दगड सोडला तर आणखी लवकर. साधा क्लोरिन उडून जातो. शिवाय मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहा करण्याइतकं तापलेलं असतं, तेही रात्रभरात खोलीच्या तापमानाला येतं.

"मग सरळ आरओचं पाणी टाकू?" मी फारच उत्साहात. काका हसले. आरओमध्ये क्लोरिनबरोबर क्षारही जातात, आणि माशाच्या शरीराला ते क्षार लागतात. नुसत्या आरओवर गोल्डफिश खूश राहत नाही.

आणि स्पंज? तो माझा दुसरा गुन्हा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे उपयोगी जिवाणू त्या स्पंजमध्येच राहतात. नळाखाली धुऊन मी तीही वसाहत साफ केली होती. पुढच्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं आणि आणखी एक मॉली गेला. ते जिवाणू पुन्हा रुजायला काही आठवडे लागतात. स्पंज टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा, हे कळायला मला चार मासे लागले.

रूममेटला त्याच रात्री फोन केला. खोटं बोलायचे तीन ड्राफ्ट तयार होते, एकही वापरला नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "लाडू खातोय का?"

"आज दोन दाणे खाल्ले."

"बस. जास्त देऊ नकोस."

नंतर म्हणाला, त्याच्या तिथल्या घरमालकाकडेही टँक आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यात २००४ पासून क्लोरिनऐवजी क्लोरामाइन असतं, क्लोरिन आणि अमोनियाची जोडगोळी. ते बादली रात्रभर ठेवून उडत नाही. साध्या हायपोने क्लोरिन मरतो पण अमोनिया मागे उरतो, म्हणून तिथे दोन्हींचा बंदोबस्त करणारं औषधच घेतात. बिचारा दुसऱ्याच्या टँकला थेंब घालत होता आणि त्याच्या टँकला मी.

आता शनिवारी रात्रीच बाल्कनीत बादली भरून ठेवतो. सकाळी थेंब, ढवळणं, पाच मिनिटं थांबणं. मग एकच बादली, हळूहळू, मगने. लाडू मग दिसला की वर येतो. त्याच्या कल्ल्यांची कड अजून थोडी फाटलेली दिसते.

परवा सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, "काका, टाकी धुवायच्या आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत जा ना. आमच्या घरी लाडू आहे."

"मग एकटाच काय खातोस? दोन वर पाठव की!"