घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे

कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली या पट्ट्यात आपल्या पुष्कळ व्यापारी व कारागीर बांधवांची वाडवडिलांची थोडीफार जमीन आहे. कोणाची भातशेती, कोणाची आंब्याची चार झाडे, कोणाचे गावठाणातले पडके घर. मुंबईत गाळ्याचे भाडे परवडेनासे झाले की नजर साहजिकच या जमिनीकडे वळते. तेथे घर बांधावे, मागे शेड टाकून माल ठेवावा, जमल्यास दोन मशिने बसवावीत, असा बेत ठरतो. बेत वाईट नाही. चूक होते ती पहिल्याच पावलावर. ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला, घरपट्टी सुरू झाली, विजेचा मीटर बसला, म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले असे आपण धरून चालतो.

माझ्या मेहुण्यांनीही असेच धरले होते. नेरळजवळच्या एका गावात त्यांची वडिलोपार्जित अठरा गुंठे भातजमीन. त्यावर त्यांनी कापडाचे ताके ठेवायला पत्र्याची शेड आणि पुढे दोन पक्क्या खोल्या बांधल्या. नमुना ८ ला नोंद झाली, दरवर्षी घरपट्टी भरली, पावत्या फाईलला लावल्या. काही वर्षांनी धंद्यासाठी कर्ज हवे म्हणून तीच मिळकत तारण द्यायला गेले, तेव्हा बँकेच्या वकिलाने मंजूर नकाशा मागितला. तो नव्हताच. पुढे नोटीसही आली.

हकीकत अशी आहे की घरपट्टी हा कर आहे. इमला उभा आहे म्हणून कर आकारला जातो. तो इमला अधिकृत की अनधिकृत, याचा निकाल त्या पावतीत नसतो. बांधकामाची इजाजत देणारा कायदा वेगळा, देणारे कार्यालयही बहुतेक वेळा वेगळे.

तेव्हा सर्वांत आधी आपली जमीन कोणाच्या अखत्यारीत येते ते पाहावे. आमच्या भागात ही बाब फार गुंतागुंतीची आहे. कर्जत, खोपोली व माथेरान येथे नगरपरिषदा आहेत, खालापूरला नगरपंचायत आहे. त्यांच्या हद्दीत अर्ज तेथेच करायचा. गावठाणाच्या आत बांधायचे असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीकडे जावे लागते. गावठाणाबाहेरची शेतजमीन मात्र प्रादेशिक योजनेखाली येते. तेथे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे परवानगीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असून अलिबागच्या नगररचना शाखेचा अभिप्राय त्यात महत्त्वाचा असतो. पनवेल-खालापूर बाजूची बरीच गावे २०१३ मध्ये नैना क्षेत्र म्हणून सिडकोकडे गेली आणि त्यांतली काही पुढे रस्ते विकास महामंडळाकडे आली. शिवाय माथेरानच्या डोंगराभोवतीचा मोठा टापू केंद्र सरकारच्या ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलेला आहे. कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांतली गावे त्यात आहेत. २ डिसेंबर २०२० रोजी राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली, तेव्हा नैना आणि अशी संवेदनशील क्षेत्रे तिच्यातून वगळलेली होती. म्हणजे रस्त्याच्या अलीकडच्या गावाला एक नियम आणि पलीकडच्या गावाला दुसरा असे घडू शकते. शेजारच्या गावात अमक्याला मिळाली म्हणून मला मिळेल, हा हिशेब येथे चालत नाही.

यावर उपाय सोपा आहे. गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढावा. जमीन निवासी विभागात आहे, हरित म्हणजे शेती विभागात आहे, की तिच्यावरून रस्त्याची आखणी जाते, हे त्यावर कळते. नकाशा काढणाऱ्याचे पैसे त्यानंतर मोजावेत. आपण उलट करतो.

आता शेडविषयी, कारण आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा प्रश्न तोच असतो. शेतात शेतघर बांधण्याची मुभा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ देतो. पण शेतघर कशाला म्हणावे याची व्याख्या त्याच कायद्यात आहे. अवजारे, खत, चारा ठेवण्याची जागा, पिकाची कोठी, गुरांचा गोठा, शेतकरी कुटुंबाचे किंवा गड्याचे राहणे, थोडक्यात शेतीच्या कामाला लागणारी इमारत. कापडाचे गोदाम त्यात बसत नाही. पॉवरलूम बसत नाही, फर्निचरचा कारखानाही नाही. नकाशावर शेतघर लिहून आत ताके रचले तर तो जमिनीचा अकृषिक वापर झाला.

शेतघरालाही मोजमाप आहे. राज्याच्या नियमावलीप्रमाणे शेती विभागात त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन लागते, आणि ती प्रत्यक्ष शेतीखाली असावी लागते. चटई क्षेत्र निर्देशांक ०.०३७५ आहे. चार हजार चौरस मीटरवर हिशेब केला तर दीडशे चौरस मीटर येतात, सुमारे सोळाशे चौरस फूट. जमीन कितीही मोठी असली तरी मर्यादा चारशे चौरस मीटर. कर्जतच्या बाजूला पाच-दहा गुंठ्यांच्या 'फार्महाऊस प्लॉट'च्या जाहिराती दिसतात. शेती विभागातल्या अशा तुकड्यावर शेतघराची परवानगी कशी मिळणार, हा एकच सवाल विकणाऱ्याला लेखी विचारावा. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेताच येत नाही, हे वेगळेच.

कारागिरांना मात्र एक सवलत माहीत असावी. निवासी विभागातल्या राहत्या घरात, घरच्याच माणसांनी, पगारी कामगार न लावता केलेले शिवणकाम, भरतकाम, बटणाचे काम अशा घरगुती धंद्यांना नियमावलीत जागा आहे. चार कारागीर ठेवून जरीचे काम चालवायचे असेल तर ती सवलत संपते.

निवासी जमिनीवर लहान घर बांधणाऱ्याला आता पूर्वीइतके हेलपाटे नाहीत. नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड कमी जोखमीचा धरला आहे. परवानाधारक व्यक्तीने केलेला नकाशा व फी दाखल केली की तिची पोच हीच परवानगी. दीडशे ते तीनशे चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचे आहे. अकृषिक परवानगीच्या अटीही २०१४ पासून अनेकदा सैल होत गेल्या. यावरून 'आता एन. ए. लागत नाही, बांधा बिनधास्त' असे सांगणारे भेटतात. एन. ए. ची अट सैल झाली म्हणून बांधकाम परवानगी सुटली असे नव्हे.

कागदांपैकी सातबारा हा मुख्य दस्तऐवज. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो, पण तो नीट वाचणारे थोडे. आमच्यासारख्या उर्दू शाळेतून आलेल्यांना 'भोगवटादार', 'अभिन्यास' असे शब्द पाहून धडकी भरते. वास्तविक महसूल, मौजे, नकाशा, हद्द, सनद, दाखला, इमला हे सारे शब्द आपल्याच शाळेतले आहेत. भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल तर आधी महसूल खात्याकडे जावे लागेल. 'इतर हक्क' या रकान्यात खाजगी वन, कूळ, बँकेचा बोजा यांपैकी काही आहे का ते पाहावे. १९७५ च्या खाजगी वन कायद्याची नोंद असली तर तेथे थांबावे. मूळ जमीन आदिवासी खातेदाराची असेल तरीही थांबावे.

सर्वांत जास्त अर्ज मात्र वारसांपाशी अडतात. मरहूम वडील किंवा आजोबा यांचेच नाव सातबाऱ्यावर, फेरफार झालेलाच नाही. झाला तर बहिणींची नावे यायलाच हवीत, शरियतप्रमाणे त्यांचा हिस्सा आहेच. मग सामाईक खात्यावर बांधायला सर्वांची संमती लागते. एक भाऊ कुवेतला, एक बहीण मुंब्र्याला, चुलत्यांची मुले आणखी कुठे. परदेशातल्या भावाचे मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणावे आणि येथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. हे काम नकाशाच्या आधी सहा महिने सुरू केलेले बरे. भूमि अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशाची 'क' प्रतही याच मुदतीत काढून घ्यावी.

जागेच्याही काही अडचणी असतात. उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या काठी निळी पूररेषा पाहावी, तिच्या आत बांधता येत नाही. रेल्वेच्या हद्दीपासून तीस मीटरच्या आत रेल्वेचे ना-हरकत लागते. एकास पाचपेक्षा जास्त उतारावर बांधकाम मिळत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हापासून उताराच्या अटीवर कुरकुर करणारे आमच्याकडे कमी झाले आहेत.

परिपूर्ण अर्जावर साठ दिवसांत काहीच उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये आहे. पण नकाशा नियमात बसणारा असेल तरच, म्हणून तिच्या भरवशावर कुदळ मारू नये. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते आणि दरवर्षी वाढवून घेत एकूण चार वर्षे. जोते झाले की तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. बँकेला मंजूर नकाशा आणि हे प्रमाणपत्र दोन्ही लागतात.

परवानगीशिवाय झालेले बांधकाम नियमात बसणारे असेल तर ते राखण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो, दंड व फी भरावी लागते. मेहुण्यांनी तोही मार्ग पाहिला, पण अठरा गुंठे आणि हरित विभाग. शेडचे पत्रे व अँगल त्यांनी उतरवून विकले, ताके खोपोलीत भाड्याच्या गाळ्यात हलवले. खोल्यांचे जोते तेवढे राहिले आहे. दिवाळीच्या सुमारास त्यावर भात झोडतात.