आपल्या नद्यांतले रहिवासी (भाग ७) : गाभोळीचा हंगाम

मासा श्वास कसा घेतो, ते मागच्या भागात पाहिलं. आज त्याच्या पोटातल्या गाभोळीकडे वळू.

पवना, इंद्रायणी, भामा या नद्यांतल्या बोटभर माशांचं सगळं वर्ष मृगाच्या पावसाभोवती फिरतं. खवली घ्या, किंवा गोट्यांना चिकटून राहणारा मळ्या घ्या. (या मळ्याची शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम साईक्स यांनी १८३९ सालीच केली आहे.) तयारी उन्हाळ्यात सुरू होते. दिवस मोठा होतो, पाणी तापतं आणि ही खबर मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीला पोचते. तिची संप्रेरकं अंडाशयाला जागं करतात. अंडाशय इस्ट्रोजेन सोडतं आणि त्या इशाऱ्यावर यकृत बलकाचं प्रथिन बनवू लागतं. रक्तातून आलेलं हे प्रथिन एकेका अंड्यात भरलं जातं. दहा ग्रॅमच्या मादीत दीड ग्रॅम गाभोळी असेल, तर शरीराचा पंधरा टक्के भार निव्वळ अंड्यांचा झाला.

पावसाळ्याच्या तोंडावर खवली साफ करताना तिची गाभोळी जरा निरखून पाहा. खसखशीएवढे पिवळे दाणे दिसतील, पण त्यांच्या मधेमधे पांढुरके, त्याहून बारीक दाणेही असतील. पिवळे या खेपेचे, पांढुरके पुढच्या. लहान मासे बहुधा असे हप्त्याहप्त्यानं अंडी घालतात. एक खेप पुरात वाहून गेली तरी दुसरी हाताशी राहते. रोहू-कटल्याचं तसं नाही. त्यांना पुराचं वाहतं पाणीच लागतं, साचलेल्या तळ्यात ते अंडी सोडत नाहीत. हीरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घेतली, तेव्हा कुठे मत्स्यबीजाची अडचण सुटली. पावसाचं काम सुईनं केलं!

आपल्या पट्ट्यात दुखणं वेगळं आहे. ज्या पहिल्या पावसाची मासा वाट पाहतो, तोच पाऊस नाल्यांत महिनोन्‌महिने साचलेलं मैलापाणी आणि गाळ नदीत आणून ओततो. पाण्यातला ऑक्सिजन झपाट्यानं घटतो. मोठा मासा निदान पळू पाहतो, पण गोट्याला किंवा पाणवनस्पतीला चिकटलेलं अंडं कुठे जाणार? गाळाचा थर बसला की ते जागीच गुदमरतं. त्यातून वाचून चढणीला लागलेल्या माशाला पवनेवरच्या रावेतसारखा बंधारा आडवा येतो.

याहून छुपा धोका संप्रेरकांचा. कॅनडात ओंटारिओमधल्या, प्रयोगासाठी राखलेल्या एका तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक मिसळण्यात आलं. प्रमाण लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे नाममात्र. तरीही नरांच्या अंगात बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं आणि फॅटहेड मिनो हा चिमुकला मासा त्या तळ्यातून जवळजवळ नाहीसा झाला. असं संप्रेरक शहरी मैलापाण्यातून नदीत जातं. काही औद्योगिक साबणद्रव्यांपासून बनणारं नोनिलफेनॉलही शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. घरं आणि कारखाने एकाच खोऱ्यात दाटलेल्या आपल्या भागात नदीवर फेस दिसला की ओरड होते, ती व्हायलाच हवी. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या या रसायनांची तपासणीही तितकीच नेमानं झाली पाहिजे.

या घाणीत तगतात ते मृगाची वाट न पाहणारे मासे. डासांसाठी सोडलेला गप्पी अंडी घालतच नाही. साधारण दर महिन्याला तो थेट पिल्लं देतो. १९५२ साली भारतात आणलेल्या तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते. नदीत मासे दिसतात म्हणून नदी बरी आहे असं समजू नये, ते मासे कोणते आहेत हे पाहावं.

चढणीच्या माशांची मौज गावोगावी असते, हे मान्य. तरी पहिल्या पुराचे पंधरा दिवस ओढ्याच्या तोंडाशी आणि बंधाऱ्याखाली जाळं लावू नका, ही कळकळीची विनंती. त्या माद्या पुढच्या वर्षीचे मासे पोटात घेऊन निघालेल्या असतात.

पुढच्या आठवड्यात, पिल्लांची राखण करणारी मरळ.