पाण्याच्या हातातली हत्यारे

वाहते पाणी खडक झिजवते असे सर्रास म्हटले जाते. परंतु गाळविरहित स्वच्छ पाणी कठीण खडकावरून दीर्घकाळ वाहत राहिले, तरी त्याने खडकाचा पृष्ठभाग फारच थोडा झिजतो. भेगांत शिरून सैल तुकडे उचकटणे आणि काही खनिजे विरघळवणे एवढे पाण्याला स्वबळावर जमते, मात्र खडक घासून गुळगुळीत करणे आणि त्यात खोबणी व खड्डे कोरणे हे काम प्रवाहाबरोबर आलेली वाळू, खडे आणि गोटे करतात. कठीण पदार्थाच्या घासण्याने किंवा आदळण्याने दुसऱ्या पदार्थाच्या पृष्ठभागावरील बारीक कण सुटे होण्याच्या या क्रियेला अपघर्षण म्हणतात, आणि वारा, हिमनदी, समुद्राच्या लाटा किंवा यंत्राचे फिरते भाग यांपैकी ती कोठेही घडत असली तरी तिच्यामागील तत्त्वे बहुतांशी समान असतात.

पहिले तत्त्व कठीणपणाचे आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी 1812 मध्ये मांडलेल्या श्रेणीत, ज्या खनिजाने दुसऱ्यावर ओरखडा उठतो ते अधिक कठीण मानून, शंखजिऱ्याला 1 आणि हिऱ्याला 10 हा क्रमांक दिलेला आहे. या श्रेणीत क्वार्ट्‌झ, म्हणजे नदीच्या सामान्य वाळूतील प्रमुख खनिज, 7 व्या स्थानावर येते, तर खिडकीची काच साधारण 5.5 च्या आसपास असते; म्हणूनच धुळीने माखलेली काच कोरड्या फडक्याने पुसली तर ओरखडे उठतात, आणि ते फडक्यामुळे नव्हे तर काच व फडके यांच्यामध्ये अडकलेल्या कणांमुळे उठतात. दोन पृष्ठभागांमध्ये असे सुटे कण येऊन होणारी झीज आणि सहाणेवर चंदन उगाळताना होते तशी थेट खरबरीत पृष्ठभागाने केलेली झीज, असे अपघर्षणाचे दोन प्रकार अभियंते मानतात. ब्रिटिश संशोधक जे. एफ. आर्चर्ड यांनी 1953 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार झिजून गेलेल्या पदार्थाचे आकारमान हे पृष्ठभागावरील भार आणि घासले गेलेले अंतर यांच्या सम प्रमाणात, तर झिजणाऱ्या पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते.

झिजवणारा पदार्थही झिजतो, हे दुसरे तत्त्व. जात्याचे दगड वापराने गुळगुळीत झाले की धान्य नीट दळले न जाता नुसते सरकू लागते, आणि मग त्यांना टाकी लावून पृष्ठभाग पुन्हा खरबरीत करून घ्यावा लागतो. नदीतील गोटेही एकमेकांवर आपटून गोल आणि लहान होत जातात, ज्याला संनिघर्षण म्हणतात. त्यामुळे पात्र कोरण्याचे काम चालू राहायचे असेल तर वरच्या बाजूने नव्या दगडगोट्यांचा पुरवठा होत राहणे आवश्यक असते.

ही दोन्ही तत्त्वे पारनेर तालुक्यातील निघोजजवळ, कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळग्यांत एकत्र पाहता येतात. येथील पात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या बेसाल्टचे आहे. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूमुळे राहिलेली पोकळी किंवा खडकातील एखादी भेग हा खळग्याचा आरंभबिंदू ठरू शकतो, कारण अशा खोलगट जागी पुराचे पाणी भोवऱ्यासारखे फिरू लागते आणि त्यात सापडलेले खडे तळाला व कडांना गरगर घासत राहतात. खळगा खोल होत गेला की मोठे गोटे बाहेर पडू शकत नाहीत, त्यामुळे तोंडापेक्षा पोट रुंद असलेले खळगेही तयार होतात. पाणी ओसरल्यावर त्यांच्या भिंती हाताला गुळगुळीत लागतात आणि तळाशी वाटोळे झालेले गोटे सापडतात. शेजारचे खळगे वाढत जाऊन मधल्या भिंती फुटल्या की ते एकमेकांना जोडले जातात, आणि कठीण खडकात नदीची अरुंद, खोल घळ अशा रीतीने तयार होत जाते.

गोटे जितके जास्त तितकी झीज जास्त, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येत नाही. अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1877 मध्येच असे दाखवून दिले होते की गाळ अगदी कमी असेल तर नदीजवळ हत्यारेच नसतात, आणि फार जास्त असेल तर तो तळावर साचून खडकाला आच्छादन देतो. त्यामुळे झीज या दोहोंच्या मधल्या अवस्थेत सर्वाधिक होते. लिओनार्ड स्क्लार आणि विल्यम डीट्रिक यांनी पाणी व खडी फिरवणाऱ्या प्रयोगशाळेतील यंत्रांत खडकाच्या चकत्या झिजवून 2001 मध्ये या विचाराला प्रायोगिक आधार दिला. धरणांचा परिणामही यावरून समजतो. जलाशयात दगडगोटे अडकतात आणि पुराचा जोर कमी होतो, म्हणून धरणाखालच्या पात्रातील अपघर्षणाची साधने आणि शक्ती ही दोन्ही घटतात. कुकडीवरही निघोजच्या वरच्या बाजूला माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत.

जलविद्युत प्रकल्पात हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो, कारण तेथे झीज टाळायची असते. हिमाचल प्रदेशात सतलज नदीवर असलेल्या 1500 मेगावॉटच्या नाथपा झाकरी प्रकल्पात हिमालयातील क्वार्ट्‌झयुक्त बारीक वाळू टर्बाइनची पोलादी पाती घासते, म्हणून पाणी बोगद्यात सोडण्यापूर्वी जमिनीखालील प्रचंड कक्षांत त्याचा वेग मंदावून 0.2 मिलिमीटरपेक्षा मोठे कण खाली बसू दिले जातात. त्याहून बारीक कण पुढे जातातच. त्यांच्यासाठी पात्यांवर कठीण धातुमिश्रित लेप चढवला जातो, आणि पावसाळ्यात नदीतील गाळ मर्यादेबाहेर वाढला की वीजनिर्मिती थांबवली जाते. कणांची कठीणता बदलणे कोणाच्याही हाती नसते. त्यांची संख्या, त्यांचा वेग आणि समोरच्या पृष्ठभागाचा टिकाऊपणा यांवरच उपाय करता येतो, आणि तेही अपुरे पडले तर यंत्र झिजवून वीज मिळवण्यापेक्षा काही तास यंत्र बंद ठेवणे अधिक किफायतशीर ठरते.