अठरा वर्षांनंतर दिव्यांगांनी कोणत्या दवाखान्यात जावे?

दिव्यांग मूल अठरा वर्षांचे होते, त्याच सुमारास त्याच्या आरोग्यसेवेचा धागा तुटतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच आहे. बालरोग विभागाचे दार बहुधा त्याआधीच बंद होते. विशेष शाळा सुटली की तेथील फिजिओथेरपी आणि वाचा-उपचारही सुटतात. आजार मात्र तोच असतो.

बालरोगतज्ज्ञ मुलाला लहानपणापासून ओळखत असतात. प्रौढांच्या विभागांत हेच काम वाटले जाते. फिट्ससाठी एक विभाग, सांध्यांसाठी दुसरा आणि वर्तनविषयक अडचणींसाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था. पेडण्याहून बांबोळीला जायचे तर म्हापसा आणि पणजी येथे बस बदलावी लागते. व्हीलचेअरवरील तरुणासोबत हा प्रवास म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी बुडणे. डिचोलीकरांची वाट थोडी सोपी, एवढेच. तेथे पोहोचल्यावर सारा इतिहास आईने पहिल्यापासून सांगायचा, तोही रांगेत उभे राहून दमल्यावर.

म्हणून तयारी चौदा-पंधराव्या वर्षीच सुरू व्हावी. जुन्या डॉक्टरांकडून दोन पानांचा गोषवारा लिहून घ्यावा. त्यात निदान, शस्त्रक्रिया, औषधे व त्यांची मात्रा, कोणते औषध सोसत नाही आणि शेवटची फिट केव्हा आली, या नोंदी हव्यात. बोलता न येणारे मूल दुखणे कसे दर्शवते, हेही लिहावे. नव्या डॉक्टरांना ते दुसरे कोणी सांगणार नाही. अपस्माराच्या मुलींबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. सोडियम व्हॅल्प्रोएटमुळे गर्भाला धोका संभवतो, त्यामुळे ते चालू असल्यास वयात येतानाच तज्ज्ञांशी बोलावे. औषध परस्पर बंद करू नये. तज्ज्ञ बांबोळीत असले, तरी वजन, रक्तदाब आणि नेहमीची औषधे यांसाठी पेडण्याच्या वा डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात नियमित नोंद ठेवावी.

संमतीचा प्रश्न अनेक पालकांना उशिरा कळतो. अठरा वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या कागदावर आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तरीय समिती पालक नेमू शकते. पण सेरेब्रल पाल्सीच्या कित्येक तरुणांना सारे समजते. केवळ बोलणे अस्पष्ट असते. त्यांच्यावर पालक लादणे हा अन्यायच. 2016च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्वही त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच चालवायचे असते. डॉक्टरांनी प्रश्न आधी तरुणाला विचारावा, मग सोबतच्यांना. घरीही पंधराव्या वर्षापासून त्याला स्वतःच्या गोळ्यांची नावे सांगू द्यावीत.

दिव्यांगत्वाचा दाखला मुदतीचा असेल तर मुदत संपण्यापूर्वी नवा करून घ्यावा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वरील चार प्रकारच्या दिव्यांगांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचा खर्च त्यात येतो आणि त्यासाठी वयाची अट नाही. 2016च्या कायद्यातील कलम 25नुसार दिव्यांगांना तपासणी व उपचारांत प्राधान्य आहे. रांग लांब दिसली तर नोंदणी खिडकीवर हे कलम सांगायला संकोचू नये.